सिलिअॅकचा संशय आहे? आधी गहू सोडू नका. टेस्टपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं क्रमाने

पोट सतत फुगतंय, जुलाब थांबत नाहीत, मग कुणीतरी सांगतं की गहू बंद करून बघ, आणि आठवड्याभरात खरंच हलकं वाटायला लागतं. झालं, निदान आपणच करून मोकळे. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण सिलिअॅकमध्ये, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या प्रथिनामुळे आतडं खराब होणाऱ्या आजारात, 'बरं वाटतंय' हा निकष जवळपास प्रत्येक टप्प्यावर दगा देतो. आजार असतो पण काहीच त्रास होत नाही असं होतं, पथ्यावर छान वाटतं पण आतडं अजून सुजलेलंच असतं असं होतं, आणि गहू सोडून बरं वाटलं पण सिलिअॅक नव्हताच मुळी, असंही होतं. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय त्याच्या मागे एकच हट्ट आहे, की अंदाजावर चालायचं नाही, तपासून चालायचं. आणि हो, हे डॉक्टरच्या ऐवजी वाचायचं नाहीये, डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचायचंय.

आधी आजार नेमका काय आहे ते

ग्लुटेन म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांमधलं प्रथिन. पीठ मळल्यावर त्याला जो चिवट ताण येतो तो याच्यामुळे. यातला त्रासदायक भाग गव्हात ग्लायडिन नावाने असतो, बार्लीत होर्डिन, रायमध्ये सेकॅलिन. हे प्रथिन कुणाच्याच पोटात पूर्ण पचत नाही, आपले पाचक रस त्याचे लांब लांब तुकडे तसेच सोडतात, आणि बहुतेक लोकांच्या बाबतीत ते तुकडे गुपचूप निघून जातात. पण ज्यांच्याकडे एचएलए डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही जीन्स असतात त्यांच्यातल्या काहींमध्ये भलतंच होतं. आतड्यातलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्या तुकड्यांमध्ये थोडासा बदल करतं, आणि रोगप्रतिकारशक्तीला तो तुकडा शत्रू वाटायला लागतो. मग हल्ला होतो तो तुकड्याबरोबर स्वतःच्याच आतड्यावर. म्हणून हा ऑटोइम्यून आजार. अॅलर्जी नाही, अपचन नाही, आणि 'पोट नाजूक आहे' हे तर अजिबातच नाही.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलला असतात तसे बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात, अन्नातलं सगळं सत्त्व यांच्यातूनच शोषलं जातं. सिलिअॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. आतड्याचा सुरुवातीचा भाग जास्त खराब होतो आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं, म्हणून कितीतरी लोकांना जुलाब वगैरे काही नसतं, फक्त हिमोग्लोबिन वर येत नाही. गोळ्या बदला, सिरप बदला, काही फरक नाही.

जीन्सचा भाग लोक हमखास उलटा समजतात. ही जीन्स साधारण ३० ते ४० टक्के लोकांकडे असतात, आजार मात्र जगभरात सुमारे १ टक्का लोकांना. म्हणजे जीन आहे म्हणून आजार आहे असं होत नाही. पण दोन्ही जीन्स नसतील तर सिलिअॅक जवळजवळ निकालात काढता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

'बरं वाटलं' वर विसंबलं की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. सॅम्युअल जी या इंग्लिश डॉक्टरने १८८८ साली या आजाराचं नीट वर्णन छापलं आणि रुग्ण बरा झाला तर आहारानेच होईल असंही म्हटलं, पण नेमकं काय बंद करायचं ते त्याला माहीत नव्हतं. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं, मुलं सुधारली, आणि श्रेय मिळालं केळ्याला! खरं कारण हे की त्या आहारात ब्रेड नव्हता. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासून होता, १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा इतर सगळे उपाशी मरत असताना ही मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली, आणि १९५० मध्ये डिके यांनी गव्हाचा संबंध प्रबंधात मांडला. म्हणजे केळी खाऊन बरं वाटणं खरं होतं, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता.

पहिली पायरी: आपण तपासून घ्यावं का

पुस्तकी लक्षणं म्हणजे जुलाब, पोटफुगी, वजन घटणं, आणि मुलांमध्ये वाढ खुंटणं. पण मोठ्यांमध्ये चित्र बरंचसं वेगळं असतं. बद्धकोष्ठसुद्धा असू शकतं. वजन नॉर्मल किंवा जास्तही असू शकतं, त्यामुळे 'तू तर चांगली जाडजूड आहेस, तुला कसला सिलिअॅक' हे वाक्य कुणी म्हटलं तर सोडून द्या. कारण न सापडणारा अॅनिमिया, कमी वयात ठिसूळ झालेली हाडं, तोंडात वारंवार येणारे अल्सर, दातांच्या इनॅमलवरचे डाग-खड्डे, लिव्हरची एन्झाइम्स विनाकारण वाढलेली, हातापायाला मुंग्या, तोल जाणं, मूल न राहणं किंवा वारंवार गर्भपात, मुलांमध्ये वयात यायला उशीर, आणि तो झोपूनही न जाणारा थकवा. यातलं एकच काहीतरी असतं बऱ्याचदा, आणि त्या एकाच गोष्टीसाठी माणूस वेगवेगळ्या स्पेशालिस्टकडे फिरत राहतो.

कोपर, गुडघे, नितंब इथे दोन्ही बाजूंना सारखे, भयंकर खाजणारे बारीक फोड येत असतील तर ते डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असू शकतं. नावात हर्पिस असलं तरी हर्पिसशी संबंध नाही, हा सिलिअॅकचाच त्वचेवरचा अवतार आहे. त्याची बायोप्सी फोडाची न घेता फोडाच्या शेजारच्या चांगल्या त्वचेची घेतात, हे मुद्दाम सांगतोय कारण चुकीच्या जागेची घेतली तर हाती काही लागत नाही.

टाइप १ डायबिटीस, ऑटोइम्यून थायरॉइड, डाऊन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम असेल, किंवा आईवडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला सिलिअॅक असेल, तर लक्षणं नसली तरी टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला.

दुसरी पायरी: टेस्ट, आणि तीही ग्लुटेन खात असतानाच

इथे घाई नडते. ग्लुटेन सोडलं की रक्तातल्या अँटिबॉडी उतरायला लागतात आणि आतडं भरून यायला लागतं, म्हणजे टेस्टने जे शोधायचं असतं तेच पुसलं जातं. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि मग आयुष्यभर 'आहे की नाही' च्या मध्ये लटकायचं. त्यामुळे रक्त आणि एंडोस्कोपी दोन्ही होईपर्यंत रोजचं जेवण नेहमीसारखंच ठेवा, कितीही मोह झाला तरी.

पहिली रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए, म्हणजे वर सांगितलेल्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट. तिच्यासोबत टोटल आयजीए करून घ्या, हे चिठ्ठीवर नसेल तर स्वतः विचारा. कारण असं, की सिलिअॅक असलेल्यांपैकी साधारण २ ते ३ टक्के लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच बनत नाही, त्यांची टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते आणि 'काही नाही, जा घरी' असं होतं. अशा लोकांसाठी आयजीजी प्रकारच्या टेस्ट असतात. बाजारात मिळणाऱ्या 'फूड इन्टॉलरन्स' च्या लांबलचक पॅनेलचा इथे शून्य उपयोग आहे, तेवढे पैसे वाचवा.

रक्तात पॉझिटिव्ह आलं तर मोठ्यांमध्ये सहसा एंडोस्कोपी करून बायोप्सी घेतात. आतड्यातलं नुकसान एकसारखं नसतं, मध्ये मध्ये चांगले पट्टे असतात, म्हणून एकच तुकडा घेऊन चालत नाही, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान ४ आणि सुरुवातीच्या भागातून १-२ असे घ्यायला सांगितलेलं आहे. रिपोर्टमध्ये 'मार्श ३ए, ३बी' असं काही दिसेल, ते विलाय किती सपाट झालेत याचं मोजमाप, ३सी म्हणजे पूर्ण सपाट. एंडोस्कोपीला लोक घाबरतात पण ती काही मिनिटांची असते, आणि तिच्या बळावर आयुष्यभराचं पथ्य उभं राहणार असतं.

मुलांच्या बाबतीत थोडी सूट आहे. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं. हा निर्णय मुलांच्या पोटविकार तज्ज्ञानेच घ्यायचा.

आणि आधीच सोडलंय, आता काय? दोन रस्ते. एक, एचएलए टेस्ट, तिला तुम्ही काय खाता याने फरक पडत नाही. दोन्ही जीन्स नसतील तर विषय तिथेच संपला. असतील तर दुसरा रस्ता, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक प्रमाणात ग्लुटेन पुन्हा सुरू करायचं, दोन ते आठ आठवडे, आणि मग टेस्ट. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं, रोजचं प्रमाण किती ते डॉक्टर ठरवतील. हे काही सुखाचं नसतं, म्हणूनच आधी टेस्ट, मग पथ्य.

सगळं निगेटिव्ह आलं तरी त्रास खोटा ठरत नाही बरं का. गव्हाची अॅलर्जी वेगळी असते, तिची टेस्ट वेगळी. शिवाय सिलिअॅक नसताना गव्हाने त्रास होणारे लोकही असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना ग्लुटेनपेक्षा गव्हातल्या फ्रुक्टान या कर्बोदकाचा त्रास होत असतो. त्यांना कणाकणाचा हिशोब ठेवायची गरज नसते, थोडं कमी केलं तरी भागतं. सिलिअॅकवाल्याला ही मुभा नाही. निदान नक्की करण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

तिसरी पायरी: 'थोडंसं' म्हणजे किती ते एकदा आकड्यात बघा

सिलिअॅकवर आज मान्यता मिळालेलं औषध नाही. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजला अडवणाऱ्या एका औषधाचे सुरुवातीचे बरे निकाल २०२१ मध्ये आले, दुसऱ्या एका औषधाची, लाराझोटाइडची, शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. ग्लुटेन पचवणाऱ्या एन्झाइमच्या म्हणून ज्या गोळ्या दुकानात मिळतात त्या घेऊन ग्लुटेन खाल्लं तर चालतं असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. म्हणजे उपाय एकच, ग्लुटेन पूर्ण बंद, कायमचं.

पूर्ण म्हणजे किती पूर्ण? २००७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्याने आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे ब्रेडच्या स्लाइसचा जेमतेम चाळिसावा भाग, म्हणजे ताटलीत पडलेले चार-दोन कण. रोज १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना चालतं असं धरलं जातं. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार 'ग्लुटेन-फ्री' म्हणायला मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे २० पीपीएम. तुम्ही दिवसभरात असे पदार्थ अर्धा किलो खाल्ले, आणि त्यात जास्तीत जास्त मर्यादेएवढं ग्लुटेन असलं, तरी पोटात जातं १० मिलिग्रॅम. आकडा हवेतून आलेला नाही हे कळलं की लेबलवर विश्वास ठेवायला सोपं जातं, आणि 'अगं एक घास खाऊन काय होतंय' ला उत्तर द्यायलाही.

चौथी पायरी: काय चालतं, काय नाही

चालत नाही: गहू आणि त्याची सगळी भावंडं, म्हणजे रवा, मैदा, दलिया, ड्युरम, स्पेल्ट, कामुट, एमर, कुसकुस, सेइटान. बार्ली, माल्ट, राय, आणि गहू-राय यांचा संकर ट्रिटिकेल. जुनं धान्य, देशी धान्य, ऑर्गॅनिक धान्य, यातलं काहीही गव्हाच्या कुळातलं असेल तर चालत नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

चालतं: तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किन्वा, बटाटा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, अंडी, साधं मांस-मासे, तेल-तूप, दाणे. बकव्हीटच्या नावात गहू असला तरी ते गव्हाच्या कुळातलं नाही, आणि ग्लुटिनस राइस म्हणतात त्या चिकट तांदळात ग्लुटेन नसतं.

पण ही धान्यं चालतात ती शुद्ध असतील तरच. एकाच गिरणीत आधी गहू दळला आणि त्याच जात्यात तुमचं धान्य टाकलं तर पिठात गहू आलाच. म्हणून पीठ एकतर २० पीपीएमची तपासणी झालेलं घ्या, नाहीतर अख्खं धान्य आणून निवडून, धुऊन, वाळवून घरच्या वेगळ्या यंत्रावर दळा. धान्य निवडताना परातीत पातळ थर पसरून बघा, मध्ये मध्ये गव्हाचा किंवा बार्लीचा दाणा सापडतोच, एकदा सापडला की मग निवडण्याचा कंटाळा कधी येत नाही.

ओट्सचं जरा किचकट आहे. त्यातलं अॅव्हेनिन हे प्रथिन बहुतेक सिलिअॅकवाल्यांना चालतं, पण साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळलेले असतात. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने ओट्स बंदच, तब्येत आणि टीटीजी सुधारल्यावर ग्लुटेन-फ्री शिक्क्याचे थोडे थोडे सुरू करा. अगदी थोड्या लोकांना शुद्ध ओट्सचाही त्रास होतो, तेव्हा डॉक्टरला सांगून ठेवा.

पाचवी पायरी: लेबल वाचायची सवय

'व्हीट-फ्री' आणि 'ग्लुटेन-फ्री' एकच नाहीत. गहू नाही म्हणून बार्ली टाकलेली असू शकते. शोधायचे शब्द: गहू, बार्ली, राय, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर, ब्रूअर्स यीस्ट. सोया सॉस बहुतेक वेळा गहू घालूनच बनवतात. कॉर्नफ्लेक्समध्ये मका असतो पण चवीला माल्ट. तयार सूप, ग्रेव्ही, मसाल्यांची मिश्रणं, सॉसेज, चिप्सवरची पावडर, आइस्क्रीममधले बिस्किटाचे तुकडे, चॉकलेट. बिअर बार्लीची. उलट ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं वाचून दचकू नका, गव्हापासून बनलेली असली तरी प्रक्रियेत ग्लुटेन जवळजवळ उरत नाही.

लेबलचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी 'अमुक असू शकतं' हा इशारा छापणं ऐच्छिक असतं, म्हणजे इशारा नाही म्हणून धोका नाही असं होत नाही. पिठं, धान्यं, बेकरीचा माल यांना ग्लुटेन-फ्री शिक्का हवाच, दूध-भाजी-अंड्यांना कशाला हवा. आणि नेहमीचा ब्रँड असला तरी दर वेळी पाकीट उलटं करून वाचा, कंपन्या न सांगता रेसिपी बदलतात.

सहावी पायरी: स्वयंपाकघर

घरातले सगळेच ग्लुटेन सोडणार असतील तर प्रश्नच मिटला, पण तसं क्वचित होतं आणि तशी गरजही नसते. एक कप्पा, शक्यतो वरचा, फक्त ग्लुटेन-फ्रीचा ठेवा, वरचा अशासाठी की पीठ खाली सांडतं, वर सांडत नाही. लाकडी चमचे, लाटणं-पोळपाट, पिठाची चाळणी, पाणी गाळायची जाळी आणि चरे पडलेली नॉनस्टिक भांडी यांच्या फटीत पीठ अडकून राहतं, ती वेगळी घ्या आणि वेगळ्या रंगाची घ्या, म्हणजे पाहुण्यालाही कळेल. स्टील आणि काच साबणाने नीट घासली की पुरे, दोन दोन सेट कशाला.

उष्णतेने ग्लुटेन मरत नाही, तो काही जंतू नाही. म्हणून ज्या तेलात गव्हाचं काही तळलं त्यात तुमचं तळायचं नाही, ज्या पाण्यात साधा पास्ता उकळला ते पाणी वापरायचं नाही. सॅनिटायझर हाताला लावून ग्लुटेन जात नाही, साबण आणि पाणीच लागतं. लोक टोस्टरला फार घाबरतात, छोट्या चाचण्यांमध्ये टोस्टरमधून येणारं ग्लुटेन अपेक्षेपेक्षा कमी निघालंय आणि एकाच पाण्यात उकळलेल्या पास्त्यातून येणारं कितीतरी जास्त. टोस्टर वेगळा घ्या हवं तर, पण जीव काढायचा असेल तर उडणारं पीठ, सामायिक तेल आणि सामायिक पाणी यांच्यावर काढा.

आणि लोण्याची बरणी. सकाळी कुणीतरी सुरी ब्रेडवर फिरवतं आणि तीच परत बरणीत घालतं, जरा उजेडात धरून बघा, लोण्यात तपकिरी चुरा दिसेल. जॅम, पीनट बटर, लोणी, चटणी, सगळ्यांची हीच गत. तुमची बरणी वेगळी, झाकणावर मोठ्या अक्षरात नाव, आणि त्यात दुसऱ्याची सुरी गेली की ती बरणी घरातल्या इतरांची झाली, यात भिडस्तपणा नको. घरात साधं पीठ मळलं जात असेल तेव्हा तुमचं ताट उघडं ठेवू नका, आणि आधी तुमचं शिजवून झाकून ठेवायचं, मग बाकीच्यांचं.

सातवी पायरी: बाहेर, आणि माणसं

हॉटेलात 'ग्लुटेन-फ्री आहे का' एवढंच विचारलं तर मान हलवून 'हो' येतं. प्रश्न बारीक करा. हे तळायचं तेल वेगळं आहे का, सॉसमध्ये सोया आहे का, घट्टपणाला मैदा घालता का, तवा पुसून देता की धुऊन. वेटरला माहीत नसेल तर किचनमध्ये विचारून यायला सांगा, गर्दीची वेळ टाळा, आणि उत्तर गोलमोल आलं तर उकडलेला बटाटा, अंडी, फळं यांच्यावर वेळ काढा. प्रवासात एक जेवण पुरेल एवढं बॅगेत असलंच पाहिजे.

लोकांकडे जेवायला जाणं हे मात्र हॉटेलपेक्षा अवघड, कारण तिथे प्रेम आडवं येतं. 'अहो मी तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं केलंय' असं काकू म्हणतात आणि चमचा मात्र एकच असतो. आधीच फोन करून सांगा, 'माझा डबा मी आणतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे डॉक्टरांचं आहे.' 'ऑटोइम्यून आजार आहे, कणाने आतडं खराब होतं' असं एकदा स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी कमी बोलावं लागतं. 'अॅलर्जी आहे' म्हणणं सोपं पडतं, पण मग लोक म्हणतात, 'तेव्हा तर काही झालं नाही!' आणि इथेच तो दगा आहे, लगेच काही झालं नाही म्हणजे आत काही झालं नाही असं नसतं.

मुलांसाठी शाळेत लेखी द्या, वर्गात वाढदिवसाला देता येईल असा सुरक्षित खाऊ शिक्षिकेकडे आधीच ठेवून द्या, आणि खेळायच्या रंगीत पिठाच्या गोळ्यात बऱ्याचदा गहू असतो तेव्हा खेळून झाल्यावर हात धुवायला शिकवा. औषधांमध्ये स्टार्च कुठला आहे ते फार्मासिस्टला विचारा, पण विचारत बसून चालू औषध बंद करू नका. लिपस्टिक-लिप बाम पोटात जातात म्हणून बघून घ्या, अंगाला लावायच्या क्रीमची काळजी नको, ग्लुटेन त्वचेतून आत शिरत नाही.

चुकून पोटात गेलंच तर उतारा नाही. पाणी, विश्रांती, हलकं जेवण, आणि नेमकं कशातून गेलं ते शोधून तेवढं भोक बुजवणं. एका चुकीने सगळं पाण्यात जात नाही, पण 'गेलंच आहे तर आज खाऊनच घेऊ' हे करू नका.

आठवी पायरी: शरीर भरून काढणं

निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन, फोलेट, बी १२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, झिंक, थायरॉइड, लिव्हर एवढं तपासून घ्या, मोठ्यांनी हाडांची घनता म्हणजे डेक्सा स्कॅन कधी करायचा तेही विचारा. कमतरता निघाली तर गोळ्यांनी भरून काढायची, नुसत्या पथ्याने फार वेळ जातो.

सुरुवातीला दूध पचत नाही असं बऱ्याच जणांचं होतं. लॅक्टेज हे एन्झाइम त्या विलायच्या टोकावरच बनतं, टोकंच झिजली तर दूध कसं पचणार. काही महिने दूध कमी, दही-चीज जमेल तसं, आतडं भरलं की बहुतेकांना दूध परत चालतं.

ग्लुटेन-फ्री बिस्किटं, केक, ब्रेड यांचा मला राग आहे. महाग, फायबर कमी, साखर आणि फॅट जास्त, आणि गव्हाच्या पिठात टाकतात तशी व्हिटॅमिन्स त्यात सहसा टाकलेली नसतात. पथ्य सुरू केल्यावर वजन वाढणं आणि बद्धकोष्ठ होणं ही कित्येकांची तक्रार असते, ती इथून येते. जिभेचे चोचले म्हणून कधीतरी ठीक. रोजचं पोट मुळात ग्लुटेन नसलेल्या गोष्टींवर भरा, आणि सगळा भार एकट्या तांदळावर टाकू नका, तांदळात फायबर कमी आणि आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त येतं, धान्यं फिरवत राहा.

नववी पायरी: फॉलोअप

पथ्य सुरू केल्यावर काही दिवस ते आठवड्यांत बरं वाटायला लागतं, आणि इथेच लोक डॉक्टरकडे जाणं बंद करतात. टीटीजी सहाव्या महिन्यात, वर्षाने, मग दरवर्षी. आकडा उतरत गेला पाहिजे, नॉर्मलला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांना दोन वर्षं सहज लागतात, कधी पाच. टीटीजी नॉर्मल आली म्हणजे आतडं पूर्ण भरलंच असं नाही, त्यामुळे गरज वाटली तर डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवतात. फोडांचा त्रास असलेल्यांना डॅप्सोनने खाज पटकन थांबते पण ते औषध रक्ताच्या तपासण्या करत घ्यावं लागतं, आणि पथ्याचा परिणाम त्वचेवर दिसायला कित्येक महिने जातात. हिपॅटायटिस बी ची लस सिलिअॅकवाल्यांमध्ये काही वेळा नीट लागत नाही, आणि काहींची प्लीहा नीट काम करत नाही म्हणून न्यूमोकोकसची लस सुचवतात, दोन्ही एकदा विचारून घ्या.

सहा महिने-वर्ष झालं तरी फरक नाही? सगळ्यात मोठं कारण म्हणजे कुठूनतरी ग्लुटेन जातंय. सिलिअॅक माहीत असलेल्या आहारतज्ज्ञासमोर आठवडाभराची खाण्याची वही उघडा, सगळं, गोळी आणि चहासोबतचं बिस्किट धरून. लघवी किंवा शौचात ग्लुटेनचे तुकडे शोधणाऱ्या टेस्टही आहेत. ते नसेल तर लॅक्टोज, लहान आतड्यात जंतूंची अतिवाढ, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (मोठ्या आतड्याची फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज), स्वादुपिंडाची एन्झाइम्स कमी पडणं, किंवा सोबत असलेला आयबीएस, म्हणजे आतड्याच्या चंचलपणाचा त्रास. हे सगळं बाजूला सारल्यावरच रिफ्रॅक्टरी सिलिअॅकचा, म्हणजे पथ्य नीट पाळूनही न सुधारणाऱ्या सिलिअॅकचा, विचार होतो, तो दुर्मिळ असतो. पथ्य नीट असताना पुन्हा वजन घटायला लागलं, ताप येतोय, शौचातून रक्त जातंय, तर थांबू नका, कारण आतड्याचा लिम्फोमा हा कॅन्सर क्वचित होतो पण होतो.

राहिले घरचे. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात शक्यता साधारण दहात एक, म्हणून त्यांना टीटीजी-आयजीए करायला सांगा, लक्षणं असोत नसोत, आणि हो, गहू खात असतानाच. आज निगेटिव्ह आलं म्हणजे कायमचं निगेटिव्ह नाही, आजार कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो, त्यामुळे काही वर्षांनी किंवा लक्षण दिसलं की पुन्हा. ज्याच्या एचएलए मध्ये दोन्ही जीन्स नसतील त्याचं नाव यादीतून काढून टाका, त्याला दर खेपेला सुई कशाला टोचायची.